अप्पांचा रेडिओ आणि माझा दिवा

मंडळाच्या गेल्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत दोघा-तिघा मुलांनी मला गाठलं. "काका, इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचं स्वतः शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?" हातात ताट, मागे रांग. काहीतरी थातुरमातुर सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाईट वाटलं. त्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर आहे, फक्त ते सांगायचं तर अप्पांची गोष्ट सांगावी लागते. म्हणून हा लेख.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. वीस वर्षं बेंगळुरूत नोकरी, पण हातात सोल्डरिंग आयर्न कधी धरलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर मी एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, शिकायला बसलो. तुमच्या मोबाईलचा चार्जर, लॅपटॉपची ती काळी वीट, टीव्हीच्या आतला सप्लाय, एलईडी बल्बच्या बुडाशी असलेली चिमुकली पाटी, हे सगळे एसएमपीएसच. दिवसभर आपण त्यांच्यावर जगतो आणि त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

आमचं घर कुळगीला. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना वाटेत लागतं. आजूबाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. पर्यटकांना कुळगी ठाऊक असते ती वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे. आम्हाला ती ठाऊक आहे पावसामुळे. जूनमध्ये सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत. त्यात झाड तारेवर पडलं की वीज गेली. कधी दोन तास, कधी दोन दिवस.

गंमत अशी की हा सगळा मुलूख विजेचा. सूप्याला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण. तिथून सोडलेलं पाणी नदीतून बोम्मनहळ्ळीच्या बंधाऱ्यात येतं, तिथून बोगद्याने नागझरीच्या वीजघरात उतरतं. मोठमोठ्या मनोऱ्यांवरून वीज आमच्या डोक्यावरून बाहेर जाते. आणि खाली आमच्या घरात, पावसाळ्यात, कंदील.

अप्पांनी या प्रकल्पात आयुष्य काढलं. आधी बोगद्याच्या कामावर रोजंदारीने, मग बंधाऱ्याच्या दारांवर मदतनीस म्हणून. आमचं मूळ घर सूप्याजवळ होतं. ऐंशीच्या दशकात धरण भरलं आणि घर, परसातला फणस, देवाची घुमटी, सगळं पाण्याखाली गेलं. तिथली पुष्कळ माणसं रामनगरला जाऊन वसली. अप्पांची नोकरी इकडे, म्हणून आम्ही कुळगीला आलो. त्या घराबद्दल अप्पा कधी बोलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "पाणी आलं, आम्ही उठलो." इतकंच.

आई २०१६ साली गेली. त्यानंतर अप्पा एकटेच राहिले. बेंगळुरूला या म्हटलं की म्हणायचे, "तिथं मला कोण ओळखतंय?" त्यांना सोबत एका रेडिओची. दोन बँडचा जुना ट्रान्झिस्टर, चार मोठे सेल. सकाळी मध्यम लहरीवर ७६५ किलोहर्ट्झला धारवाड, संध्याकाळी १२८७ ला पणजी. धारवाडवरून कन्नड बातम्या आणि गाणं, पणजीवरून मराठी-कोंकणी. जंगलात टीव्हीची तबकडी वाकायची, मोबाईलची रेंज जायची, पण रेडिओ बोलायचा.

त्यांचा अंधार मला सलत होता. २०१७ च्या पावसाळ्यात ते न्हाणीघराच्या पायरीवर घसरले. हाड मोडलं नाही, पण मी हादरलो. ठरवलं, छपरावर सौर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि खोल्याखोल्यांत एलईडी दिवे. एलईडी दिवे ५ व्होल्टवर चालणारे, मोबाईलच्या पोर्टात लागतात तसले. आता प्रश्न एवढाच उरला की १२ चे ५ कसे करायचे?

बाजारात तयार मोड्यूल मिळतं. पण मला ते स्वतः करायचं होतं. खरं कारण सांगतो. अप्पा एकदा शेजाऱ्यांना सांगत होते, "आमचा मुलगा इंजिनिअर आहे, पण काय करतो ते मला दाखवता येत नाही." त्यांनी सहज म्हटलं होतं. मला लागलं.

पहिली पायरी मला सोपी वाटली. ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. १२ आत, ५ बाहेर. जोडला, एक दिवा लावला, चालला. तीन दिवे आणि मोबाईल लावला तर तो तापून स्वतःच बंद पडला. हिशेब मांडल्यावर कारण कळलं. मला हवे होते ५ व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. हा रेग्युलेटर उरलेले ७ व्होल्ट स्वतःवर झेलतो. ७ गुणिले ३, म्हणजे २१ वॅट नुसती उष्णता. शिवाय त्या छोट्या तुकड्याची झेप एक-दीड अँपिअरपर्यंतच. कामाला १५, वाया २१. दारात आलेल्या दोन भाकऱ्यांतली एकाहून जास्त चुलीतच टाकायची, असा हा प्रकार. सूर्य रोज दिसत नाही त्या कुळगीत हे परवडणारं नव्हतं.

मग मी रात्री जेवणानंतर शिकायला बसायला लागलो. आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने मिळून चालवलेला एनपीटीईएल हा व्याख्यानांचा खजिना फुकट उपलब्ध आहे. त्यात विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक उमानंद आणि प्राध्यापक रामनारायणन यांची याच विषयावरची व्याख्यानं आहेत. पहिली चार मी तीन-तीनदा ऐकली. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती शेजारी बसून गणिताचा गृहपाठ करायची आणि मधूनच विचारायची, "बाबा, तुम्ही नापास झालात का?"

आता मुळातली कल्पना सांगतो. ती इतकी सोपी आहे की कळल्यावर राग येतो.

कुठल्याही वस्तूत वाया जाणारी वीज म्हणजे तिच्यावरचा व्होल्टेज गुणिले तिच्यातला करंट. बटण पूर्ण बंद असलं तर करंट शून्य, गुणाकार शून्य. बटण पूर्ण चालू असलं तर त्याच्यावरचा व्होल्टेज जवळजवळ शून्य, गुणाकार पुन्हा शून्य. म्हणजे तापतं ते अर्धवट उघडं असलेलं बटण, आणि ७८०५ हे कायम अर्धवट उघडंच असतं. मग आपण असं केलं तर? बटण एकतर पूर्ण उघडायचं, नाहीतर पूर्ण बंद करायचं, आणि ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा करायची. १२ व्होल्ट थोडा वेळ द्यायचे, थोडा वेळ नाही द्यायचे, सरासरी ५ येईल एवढं पाहायचं. ५ भागिले १२ म्हणजे साधारण ४२ टक्के वेळ चालू, ५८ टक्के वेळ बंद.

पण दिवा असा धक्क्याधक्क्याने कसा चालेल? तिथे येतो इंडक्टर, म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. त्याचा स्वभाव हट्टी. त्यातून वाहणारा करंट एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. पुढे कपॅसिटर, तो व्होल्टेज एकदम बदलू देत नाही. दोघे मिळून धक्के गिळतात.

हे मला पुस्तकात पटलं नाही. पटलं ते अप्पांमुळे.

मे महिन्यात मी अर्धवट पाटी घेऊन कुळगीला गेलो होतो. त्याआधी बेंगळुरूत मी तीन मॉस्फेट जाळले होते. मॉस्फेट म्हणजे आपलं ते वेगवान बटण. कारण कळत नव्हतं. अप्पा पडवीत बसून पाहत होते. मी चिडून म्हटलं, "बटण बंद केलं की जळतंय, चालू असताना नाही."

अप्पा म्हणाले, "एकदम बंद करतोस होय?"

"हो. एकदमच करायचं असतं."

"मग आतलं पाणी जाणार कुठं?"

मला कळेना. त्यांनी सांगितलं, लांब बोगद्यातून पाणी धावत असताना खालचं दार एकदम बंद केलं तर पाणी थांबत नाही. ते आपल्या वजनानिशी दारावर आदळतं, पाइप फोडतं. म्हणून असल्या बोगद्याच्या टोकाला उभी टाकी ठेवतात. आदळणारं पाणी त्यात चढतं आणि शांत होतं. "धावणाऱ्याला वाट ठेवावी लागते रे. बंद करणाऱ्यानं आधी तेवढं बघावं."

माझ्या पाटीवर वाट होती, पण चुकीची. बटण बंद झालं की इंडक्टरमधला करंट फिरून यावा म्हणून एक डायोड लावतात. मी हाताशी होता तो लावला होता, घरगुती अडॅप्टरमध्ये असतो तो १एन४००७. तो ५० हर्ट्झच्या संथ कामाला उत्तम. इथे बटण सेकंदाला ६४ हजार वेळा उघडझाप करत होतं. एक फेरी १५.६ मायक्रोसेकंदांची. हा डायोड मिटायलाच इतका वेळ घेतो की तो मिटण्याआधी बटण पुन्हा उघडतं आणि बॅटरी सरळ जमिनीला लागते. त्याच्या जागी चपळ शॉट्की डायोड लावला आणि मॉस्फेट जळायचे थांबले.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी, हा संपूर्ण हिशेब वहीच्या अर्ध्या पानात मावतो. बटण चालू असताना इंडक्टरवर १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट असतात, ६.५ मायक्रोसेकंद. गुणाकार ४५.५. बंद असताना उलट दिशेने ५ व्होल्ट असतात, ९.१ मायक्रोसेकंद. गुणाकार पुन्हा ४५.५. जेवढं चढलं तेवढंच उतरलं. हा तोल साधला की सप्लाय स्थिर. करंट ३ अँपिअरभोवती साधारण ०.९ अँपिअर वरखाली होऊ द्यायचा ठरवलं, तर ४५.५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे ५० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर. झालं डिझाइन. पुढची दहा वर्षं तुम्ही जे शिकाल ते या अर्ध्या पानाभोवतीचं असेल, पण हे अर्धं पान पाठ असू द्या.

आणि अप्पांचं ते आदळणारं पाणी? तोच धक्का कामाला लावला तर व्होल्टेज वाढवता येतो, ५ चे १२ करता येतात. त्याला बूस्ट म्हणतात. पाण्याच्या बाबतीत हे १७९६ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए यांनी करून दाखवलं होतं. हेच ते फुगा उडवणाऱ्या दोघा भावांतले एक. वाहतं पाणी झडपेने एकदम अडवायचं आणि त्या धक्क्याने त्यातलं थोडं पाणी उंचावर चढवायचं. विजेशिवाय, इंजिनाशिवाय चालणारा पंप. आपला बूस्ट सप्लाय म्हणजे त्याच पंपाचा विजेतला भाऊ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे २०१८ साली, मी सगळं बसवून आलो. टीएल४९४ नावाची जुनी, स्वस्त, सगळीकडे मिळणारी चिप, मॉस्फेट, वेटोळं, सगळं एका स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. बाहेर एक बटण. स्वयंपाकघरात, माजघरात आणि न्हाणीच्या पायरीवर दिवा. अप्पा डब्याला हात लावून म्हणाले, "तापत नाही की." मला पदवी मिळाली तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून डबा दाखवला.

त्यानंतर फोनवर रोज विचारायचो, "दिवे चालतात ना?" "चालतात." "वीज गेली होती?" "गेली होती. तुझे दिवे होते की." मी खूश.

गणपतीला आम्ही तिघं गेलो. बसला उशीर झाला, कुळगीला उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. पाऊस, आणि वीज नव्हती. आणि आमचं घर पूर्ण काळोखात. माझ्या पोटात गोळा आला. धावत गेलो. पडवीत अप्पा बसले होते. अंधारात. मांडीवर रेडिओ.

"दिवे बिघडले का?"

"नाही रे."

"मग?"

ते काही बोलेनात. माझ्या मुलीने डब्याचं बटण दाबलं. दिवे लागले, लख्ख. आणि त्याच क्षणी रेडिओतलं गाणं गेलं. त्याच्या जागी सणसणती खरखर. अप्पांनी हळूच आवाज बारीक केला. अगदी सवयीने.

"आज्जा, रोज असंच होतं?" मुलीने विचारलं.

"तसं काही नाही गं. बाबाचा दिवा जरा बोलका आहे. तो बोलायला लागला की रेडिओवाला गप्प बसतो. मग मी काय करतो, साडेसहाला जेवून घेतो, आणि बटण बंद करतो. ऐकायला उजेड कशाला लागतो?"

साडेतीन महिने. रोज संध्याकाळी हा माणूस माझा दिवा बंद करून अंधारात बसत होता आणि फोनवर मला सांगत होता की दिवे छान चालतात. ज्या पायरीसाठी मी एवढा खटाटोप केला, त्याच पायरीवरून ते अंधारात जा-ये करत होते. मला वाईट वाटू नये म्हणून. माणसं उजेड मिळवायला निघाली तेव्हा याच माणसाने एकदा घर सोडलं होतं आणि तेव्हाही म्हटलं होतं, पाणी आलं, आम्ही उठलो. आता मी उजेड घेऊन आलो, तर हे पुन्हा उठून अंधारात जाऊन बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तकांत एक प्रकरण होतं, विद्युतचुंबकीय व्यत्ययाचं. ते मी "नंतर वाचू" म्हणून ओलांडलं होतं. सगळेच ओलांडतात. माझा सप्लाय तापत नव्हता, व्होल्टेज बरोबर देत होता, म्हणून मी त्याला पास केलं होतं. पण करंट सेकंदाला ६४ हजार वेळा तोडला-जोडला की तो नुसत्या ६४ किलोहर्ट्झलाच गोंगाट करत नाही. तो ६४ च्या सगळ्या पाढ्यावर गोंगाट करतो.

सकाळी मी मुलीला म्हटलं, "चौसष्टचा पाढा म्हण."

तिने वही घेतली. अप्पांनी मात्र तोंडीच सुरू केला. जुन्या शाळेचे. "बारा चौसष्टे सातशे अडुसष्ट," ते म्हणाले आणि थांबले. धारवाड ७६५. "वीस चौसष्टे बाराशे ऐंशी." पणजी १२८७. माझा डबा त्यांच्या दोन्ही स्टेशनांच्या उशाशी बसून खरखरत होता. जगातल्या सगळ्या आकड्यांतून मी नेमका हा निवडला होता.

पुढचे तीन दिवस आमच्या घरी गणपतीबरोबर डब्याचीही पूजा चालली. आमच्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता. पण रेडिओ होता, आणि साडेतीन महिने ती खरखर ऐकून तिच्या सगळ्या छटा ओळखणारे कान होते. अप्पा रेडिओ हातात धरून डब्याभोवती फिरायचे आणि सांगायचे, "इथं जास्त. इथं कमी. या तारेपाशी लई."

पहिला दोष वेटोळ्याचा. मी वापरलेलं वेटोळं उघड्या दांड्यावर गुंडाळलेलं होतं. रेडिओ उघडून मुलीला दाखवलं. आत अँटेना काय असते? फेराइटचा दांडा आणि त्यावर वेटोळं. म्हणजे मी एका अँटेनासमोर दुसरी अँटेना आणून ठेवली होती. एक बोलणारी, एक ऐकणारी. उपाय म्हणजे बंद कडं, ज्याचं चुंबकीय क्षेत्र आतल्या आत फिरतं. असं कडं मिळायचं कुठे? दांडेलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात मेलेला सप्लाय मागितला. दुकानदार भला माणूस, पैसे घेतले नाहीत. पण मी झाकण काढून हात घालणार तेवढ्यात तो ओरडला. त्याने वायरचा बल्ब आतल्या मोठ्या कपॅसिटरला लावला. बल्ब क्षणभर पेटून विझला. "आता घाला हात," तो म्हणाला.

मुलांनो, इथे थांबून हे नीट वाचा. घरातली २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये शिरताच सरळ केली जाते आणि ३२५ व्होल्टपर्यंत चढते. ती कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही काही काळ साठलेली असते. चार्जर उघडून शिकायला सुरुवात करू नका. सुरुवात बॅटरीपासून करा. १२ व्होल्टला चूक झाली तर धूर येतो, ३२५ ला चूक झाली तर माणूस जातो. मी हा लेख लिहिण्यातलं अर्धं कारण हा परिच्छेद आहे.

त्या मेलेल्या सप्लायमधून पिवळं-पांढरं कडं काढलं, मुलीने वळसे मोजून तार गुंडाळली. खरखर निम्मी झाली.

दुसरा दोष रचनेचा. बॅटरीकडून येणारा करंट झटक्याझटक्याने येतो, ० वरून ३ अँपिअर आणि परत ०. हे झटके पुरवायला एक कपॅसिटर मॉस्फेट आणि डायोडच्या अगदी नाकाशी बसायला हवा, म्हणजे झटक्यांचा फेरा नखाएवढा राहतो. मी तो वीतभर लांब, जागा होती तिथे लावला होता. कागदावरच्या आकृतीत दोन्ही सारखंच दिसतं. तार कागदावर नुसती रेघ असते, प्रत्यक्षात ती स्वतःच एक भाग असते. कपॅसिटर नाकाशी आणला. दिव्यांच्या लांब तारा डब्यातून निघतात तिथे फेराइटची कडी चढवली. खरखर आता कुजबुजीवर आली. पण अप्पा मान हलवत होते. "पणजीवर अजून आहे."

मग तिसरी गोष्ट, पाढा बदलणं. मुलीने वहीत तक्ता केला. ७० घेतले तर अकरावा ७७०, धारवाड गेलं. ८० घेतले तर सोळावा १२८०, पणजी गेली. ८५ तर नवव्या घरात बरोबर ७६५, सत्यानाश. ९० घेतले तर ७२० आणि ८१०, त्यांच्या बरोबर मध्ये धारवाड. १२६० आणि १३५०, मध्ये पणजी. दोन्ही स्टेशनं मोकळी. टीएल४९४ चा वेग एका कपॅसिटरने आणि एका रेझिस्टरने ठरतो. रेझिस्टरच्या जागी फिरवता येणारा प्रीसेट लावला. मुलीच्या हातात पेचकस, अप्पांच्या कानाशी रेडिओ.

"फिरव. अजून. अजून थोडं. थांब! जरा मागं. हां."

आणि पणजीवरून गाणं आलं. स्वच्छ. माजघरात तिन्ही दिवे चालू असताना. अप्पा ते संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "आता असू दे दिवा."

त्या सुट्टीत एक शेवटची गोष्ट घडली. रेडिओचे सेल सारखे संपायचे, म्हणून मुलगी म्हणाली, "रेडिओसाठीही एक असाच सप्लाय करू या, १२ चे ६." माझेही हात शिवशिवत होते. वहीत हिशेब मांडला. रेडिओला लागतो जेमतेम ०.१ अँपिअर. ७८०६ चा साधा तीन पायांचा तुकडा लावला तर वाया जाणार ०.६ वॅट. एवढ्यासाठी पुन्हा उघडझाप, पुन्हा खरखर? ज्या रेग्युलेटरला मी वर्षभर मागासलेला म्हणत होतो तोच इथे योग्य होता. बॅटरीवरून सरळ, मुकाट, एक तुकडा आणि दोन कपॅसिटर. अप्पांचा रेडिओ अजून त्याच्यावरच चालतो.

तर, रांगेत मला विचारणाऱ्या मुलांनो, माझं उत्तर असं. एखाद्या माणसाची एखादी खरी अडचण धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून सुरू करा. अर्ध्या पानाचा हिशेब हाताने करा. पहिले तीन मॉस्फेट जळतील, ते शंभर रुपयांच्या आत येतात, रडू नका. "नंतर वाचू" म्हणून ओलांडलेलं प्रकरण परत उघडा. आणि वस्तू चालायला लागली की दूर जाऊन फोनवर विचारू नका. संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसा, आणि ज्याच्यासाठी केली तो काय करतो ते पाहा.

माझी मुलगी आता इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अप्पा ऐंशी ओलांडलेत. तो स्टीलचा डबा अजून भिंतीवर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मुलीने तेव्हा मार्करने ९० चा पाढा लिहिला होता. शाई पुसट झाली आहे, पण वाचता येतो. पावसाळ्यात मी फोन करतो तेव्हा "दिवे चालतात ना?" असं आता विचारत नाही. गप्प राहून ऐकतो. मागे रेडिओ ऐकू येत असेल आणि अप्पा म्हणत असतील, "थांब, चष्मा घेतो, पेपर वाचत होतो," तर मला माझं उत्तर मिळतं.